दुसऱ्याची पिशवी

राजारामपुरीच्या गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. त्यामुळे येथे राहणाऱ्या मनुष्याला निनावी राहण्याची सवय आपोआप लागावी, असे कोणासही वाटेल. माझ्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. मध्यंतरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा गावात सत्कार झाला. उत्तरादाखल बोलताना त्याने आईवडिलांचे, पत्नीचे, फार काय, वसतिगृहातील आचाऱ्याचेही ऋण मानले. ज्याचा पहिला लेख मी सात वेळा तपासून दिला होता, त्याच्या तोंडून माझे नाव काही निघाले नाही! पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजविल्या. पण घरी येईपर्यंत मनात काटा सलत राहिला. त्याच आठवड्यात त्याच्या नव्या पुस्तकाचे हस्तलिखित 'सवडीने पाहावे' अशा चिठ्ठीसह आले. सवड असूनही मी ते कपाटावर टाकून दिले.

पुढे काही कामानिमित्त पुण्यास गेलो असता एका स्नेह्याने मला येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर नेले. लाल मातीच्या आखाड्यापलीकडे मला खेळातले फारसे कळत नाही. म्हणून खेळाकडे पाहण्याऐवजी मी त्याची पिशवी वाहणाऱ्या कॅडीकडेच पाहत राहिलो. पन्नाशी उलटलेला, सडसडीत, अबोल मनुष्य. त्या पिशवीत नियमाप्रमाणे चौदापर्यंत काठ्या असतात आणि अठरा खळग्यांचा फेरा म्हणजे चांगली दोन-अडीच कोसांची पायपीट. पण ओझे वाहणे हा त्याच्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता. चेंडू कोठे पडला, उतार कोणीकडे आहे, वारा कसा फिरला, हे सारे त्याच्या ध्यानात असे. एकदा तो म्हणाला, "सात नंबर घ्या साहेब, वारा तोंडावर आहे." स्नेह्याने हट्टाने आठ नंबरची काठी घेतली. चेंडू अलीकडेच वाळूत पडला. कॅडी एक अक्षर बोलला नाही. स्नेह्याने चेंडू बाहेर काढल्यावर त्याने दाताळे घेतले आणि वाळू सारखी केली.

"तुम्ही स्वतः खेळत नाही का?" मी विचारले.

"खेळतो की! पण माझा चेंडू चुकला तर काही वाटत नाही. साहेबांचा चुकला, की रात्री झोप लागत नाही."

परतीच्या गाडीत हे वाक्य माझ्या कानांत घुमत होते. या खेळाचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. एकट्याने खेळणाऱ्याने सल्ला घ्यावयाचा तो फक्त आपल्या कॅडीचा; इतर कोणाचाही घेतला तर दंड! शिवाय कॅडी चुकला, तरी शिक्षा भोगावयाची खेळाडूने. 2001 साली ब्रिटनच्या खुल्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी आघाडीवरच्या इयान वूस्नमच्या पिशवीत पंधरावी काठी निघाली. ती तशीच राहिली हा दोष कॅडीचा. दोन फटक्यांचा दंड बसला तो वूस्नमला.

पिशवी खाली ठेवून स्वतः विजयी झालेले कॅडीही आहेत. दिल्लीचा अली शेर 1991 साली आणि बंगळूरचा मुनियप्पा 2009 साली भारतीय खुल्या स्पर्धेत पहिला आला. दोघेही पूर्वी कॅडीचेच काम करीत. 1913 साली अमेरिकेत व्हार्डन आणि रे या दोन नामांकित इंग्रज खेळाडूंना हरविणारा वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट हाही त्यांच्यांतलाच. पण मला त्याच्याहून त्याची पिशवी वाहणारा दहा वर्षांचा एडी लोअरी अधिक आवडतो. निर्णायक फेरीच्या वेळी एखादा जाणता माणूस घ्यावा, असे विमेटला सुचविण्यात आले. पण त्याने त्या पोराला सोडले नाही.

आणि मग आमच्याच गावाची एक गोष्ट आठवली. 1952 साली हेलसिंकीस जाण्यासाठी खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, आणि पुढे कुस्त्या करून त्यांनी ते ऋण फेडले. घर गहाण टाकताना पुढे सत्काराच्या भाषणात आपले नाव येईल की नाही, याचा विचार प्राचार्यांच्या मनाला शिवला असेल काय? मी तर केवळ सात वेळा शाई खर्च केली होती!

घरी आलो तो रात्र झाली होती. कपाटावरचे हस्तलिखित काढून मी त्यावरची धूळ झटकली. व्यासपीठावरून मुलाने साऱ्यांचे आभार मानले होते हे खरे. पण वारा कोणत्या दिशेचा आहे, हे विचारण्यासाठी त्याने टपाल धाडले होते ते माझ्याच घरी. काटा समूळ निघाला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण तिसऱ्याच पानावर एक प्रकरण भलतीकडे वळलेले दिसले, आणि ते सरळ होईपर्यंत मला झोप आली नाही.