ज्याचा त्याला अख्खा

मुलांच्या वाढदिवसाला मोठा केक कापताना एक क्षण मला फार अवघड जातो. मेणबत्त्या विझलेल्या असतात, गाणं म्हणून झालेलं असतं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या पोरांची नजर क्रीमच्या एकाच गुलाबावर खिळलेली असते. तो गुलाब कुणा एकालाच मिळणार. बाकीच्यांच्या वाट्याला कड, मधला भाग, नाहीतर सुरीला चिकटून आलेला भुगा. मुलं काही बोलत नाहीत, पण एखाद्या लहानग्याचा चेहरा उतरतो आणि तो मला बघवत नाही. म्हणून आमच्याकडे वाढदिवसाला कपकेक होतात. ज्याचा त्याला अख्खा, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचं त्याचं फूल.

आपल्याला यात नवं असं काही नाही. मोदक कधी कुणी कापून वाटलाय? पानात पडतो तो सगळ्या कळ्यांसकट, वरच्या नाकासकट. करंजी, अनारसा, लाडू सगळं तसंच. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवान या इराणी बेकरीचा मावा केक ज्यांनी खाल्लाय त्यांना कागदाच्या वाटीतला, वेलचीच्या वासाचा, मुठीत मावणारा केकही ठाऊक आहे. वर क्रीम नसलं तरी तो इराण्याचा कपकेकच. तिकडे अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक निघालं, त्यात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीही कुणाला तरी एकेकट्याचा केक करावासा वाटला होता, हे मला फार आवडतं.

पार्टी संध्याकाळची असली तरी काम आदल्या रात्रीचं. पंखा बंद करून मैदा चाळायला घेतला की घरात वाढदिवस सुरू झाला. माझी लेक स्टुलावर चढून ओट्याशी उभी राहते. तिचं काम साच्याच्या खळग्यांत कागदी वाट्या बसवण्याचं. या वाट्या एकमेकींत इतक्या घट्ट बसलेल्या असतात की दोन-दोन एकदम सुटतात. ती त्यांच्यावर हळूच फुंकर मारते, मग एकेक वेगळी होते.

लोणी आणि पिठीसाखर फेटण्याला मात्र घाई चालत नाही. साखरेचे कण लोण्यात घुसतात आणि आपल्यासोबत हवा आत नेतात. केक फुगतो तो याच हवेवर. बेकिंग पावडर नवे बुडबुडे फारसे करत नाही, आधीच असलेल्या बुडबुड्यांत वायू भरून त्यांना मोठं करते. मिश्रण पिवळट होतं ते पांढुरकं होईपर्यंत फेटायचं, हात भरून आला तरी. उलट मैदा पडल्यावर हात आखडता घ्यायचा. तेव्हा जास्त घोटलं की मैदा चिवट होतो आणि केक दडदडीत बसतो. एकाच भांड्यात, पाच मिनिटांच्या अंतराने, आधी भरपूर आणि मग अगदी बेताने. हे हाताला कळायला वेळ लागतो.

आमचे कपकेक बिनअंड्याचे असतात. खरं सांगायचं तर अंड्याच्या केकची चव मला जास्त आवडते. पण मुलीच्या मैत्रिणींमध्ये एक जैन आहे, शेजारच्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. त्यांच्यासाठी दोन वेगळे करून बाजूला ठेवणं सोपं आहे, पण मला ते मान्य नाही. सात वर्षांच्या मुलीने ताटापुढे उभं राहून “काकू, यातला माझा कुठला?” असं का विचारावं? तिने हात पुढे करावा आणि हवा तो उचलावा. शेंगदाणे-काजूही म्हणूनच वर्ज्य. दही आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की दह्यातली आंबटाई सोड्याला जागं करते आणि अंड्याची उणीव बरीचशी भरून निघते. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली ती बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. तिला अंडीही चालत नसत, तर त्याआधीच १८३७ मध्ये त्यांनी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं होतं. घरातल्या एका माणसाला सगळ्यांबरोबर खाता यावं, एवढ्यासाठी केलेली खटपट. ती पावडर चमच्यात घेताना मला त्या बाईची आठवण होते.

वाटी दोन तृतीयांश भरायची, त्यावर नाही. ओव्हन एकशे ऐंशी अंशांवर आधीच तापलेला हवा. अठरा-वीस मिनिटं. व्हॅनिलाचा वास जिन्यात जातो तेव्हा साधारण झालेले असतात, तरी टूथपिक खुपसून बघायचीच. आईच्या वेळी केक व्हायचा तो झाकणाला काच असलेल्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये, आणि त्याहीआधी पातेल्यात तापवलेल्या वाळूवर. कोकणात काकडीचं धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजायचे. भाजण्याची ही विद्या आपल्या घरांत विजेच्या आधीपासून होती.

भाजून झालं की थांबायचं, आणि पोरांना न जमणारी गोष्ट नेमकी हीच. गरम केकवर आइसिंग टिकत नाही, ओघळून जातं. गरम असतानाच डब्यात कोंडले तर वाफ धरते आणि कागद कडेने सुटून येतो. जाळीवर मांडायचे, पुरते निवल्यावर डब्यात घालायचे. सजावट सकाळी.

मुलीचा वाढदिवस आषाढात येतो. मुंबईच्या पावसाळी हवेत आइसिंग सांभाळणं कसोटीचं. परदेशी कृतीत लोणी घरच्या तापमानाला आणा असं लिहिलेलं असतं. ते घर थंड देशातलं, वीस अंशांचं. आमच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस-एकोणतीस असतं, तिथे लोण्याचं तेल व्हायला वेळ लागत नाही. फ्रिजमधून काढून बोट जेमतेम रुतलं की घ्यायचं, आणि मधेच सैल वाटलं तर भांड्यासकट पुन्हा आत. रंगांचंही तसंच. पिवळ्या लोण्यात निळा घातला की हिरवट छटा येते. समुद्राचा निळा हवा असेल तर आधी जांभळ्याचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब घालून पिवळेपणा मारावा लागतो. आणि रंग हवा त्याहून फिकाच ठेवावा, तासाभरात तो आपोआप गडद होतो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये अशा रंगांच्या बाटल्यांपुढे उभं राहिलं की माझा पाय निघत नाही.

सकाळी मी पायपिंग बॅग भरताना आई बघत होती. तारेच्या आकाराचं नोझल हातात घेऊन तिने उलटसुलट केलं.

“अगं, ही तर सोऱ्याची चकती!”

तिने पिशवी माझ्या हातून घेतली. डाव्या हाताने टोक धरलं, उजव्या हाताने वरून दाब दिला आणि बाहेरून आत असा एक वेढा, त्यावर दुसरा लहान वेढा, जन्मभर चकल्या पाडल्यासारखा. आणि जन्मभर पाडल्याच होत्या.

“आजी, माझं टोक वाकडं येतंय. तुझं कसं सरळ येतं?”

“हात उचलायच्या आधी दाब सोड. दाबत दाबत वर नेलंस तर शेपूट निघणारच.”

लेकीने जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली, दाबलं, थांबली आणि मग पिशवी वर उचलली. टोक बारीक आलं, किंचित डावीकडे कललं आणि तसंच उभं राहिलं. कळ्यांवर आइसिंगच्या बारीक रेघा दिसत होत्या, त्यातली एक मध्येच तुटलेली. ती तशीच ठेवली. दुकानातले सगळे एकसारखे येतात, घरच्यांनी का यावं?

वरची सजावट एकेका पाहुण्याला आठवून होते. खालच्या मजल्यावरच्या मुलाला डायनोसॉरचं वेड, म्हणून एकावर हिरव्या साखरेचा चढ. जुळ्या बहिणींना अगदी एकसारखे दोन लागतात, नाहीतर भांडण. एका मुलाला स्प्रिंकल्स दातांत आलेले आवडत नाहीत, त्याच्यासाठी एक साधा. वॉचमनकाकांची दोन मुलं, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची नात, यांचे पहिल्या खेपेतच वेगळ्या डब्यात भरायचे. उरले तर देऊ, असं मी करत नाही. पोरांना उरलेलं ओळखू येतं.

संध्याकाळी औक्षण झालं की ताट घेऊन फिरायचा मान वाढदिवसवालीचा. मुलं निवड करायला वेळ लावतात, लावू द्यावा. मग कुणी आधी नुसतं क्रीम चाटून काढतं, कुणी खालून केक कुरतडत वरचं फूल शेवटपर्यंत राखून ठेवतं, कुणी कागद इतका चाटतं की त्याच्या घड्याही स्वच्छ होतात. एका मुलीने दोन घास खाऊन कपकेक कागदी रुमालात गुंडाळला, तापाने घरी राहिलेल्या भावासाठी. तिला मी आधी तिचा संपवायला लावला आणि भावाचा वेगळा दिला. तोवर इकडे निळ्या जिभा एकमेकांना काढून दाखवायची शर्यत लागलेली असते, आणि ज्याची पुरेशी निळी झाली नाही तो दुसरा मागायला ओट्यापाशी येऊन उभा राहतो.