तालमीची वेळ

नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी किंवा कॉलेजच्या एकांकिकेसाठी ऑडिशन घेणाऱ्याच्या हाती फार थोडा वेळ असतो. समोरची मुलगी किंवा मुलगा पाठ केलेला उतारा म्हणतो, ऐनवेळी दिलेला एखादा प्रसंग करून दाखवतो, दोन-चार प्रश्नांची उत्तरे देतो आणि तेवढ्यावरून आम्ही निर्णय घेतो. त्याला आम्ही गुणांची पारख म्हणतो. पण त्या काही मिनिटांत आम्हाला खरे काय दिसते? श्वास वाक्याच्या शेवटापर्यंत पुरतो का, शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचतो का, हात अवघडतात की मोकळे राहतात, समोरच्याचे ऐकून घेऊन मग उत्तर येते की नुसते पाठ केलेले वाक्य येते. यातले जन्मजात फारच थोडे असते. बाकी सगळे तालमीत, चुकत-चुकत अंगात मुरते. म्हणजे ऑडिशनमध्ये आम्ही बहुतांशी त्या मुलाला आजवर मिळालेल्या तालमींचे तास मोजत असतो. ज्याला ते तास मिळालेच नाहीत, त्याच्या कुवतीबद्दल ऑडिशन आम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाही. तरीही त्याच्या नावापुढे नकाराची खूण होते. म्हणून माझे म्हणणे असे, की नाट्यशिक्षणाचा प्रवेश ऑडिशनच्या दिवशी ठरत नाही. कॉलेजातली तालीम किती वाजता आणि कुठे असते, यावर तो कितीतरी आधी ठरलेला असतो.

याचा पुरावा पुण्याच्या रंगभूमीच्या इतिहासातच आहे. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. वैद्यकीचे शिक्षण घेता-घेता नाटक त्यांच्या हाती लागले ते विद्यार्थी रंगभूमीवर. पटेलांचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे पुण्यातल्या नाट्यवर्तुळाच्या बाहेरचा. १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने पुढच्या पिढ्यांसाठी हेच केले. भरत नाट्य मंदिरातल्या त्या एकांकिकांनी कॉलेजच्या मुलांना प्रेक्षक दिला, परीक्षक दिले आणि दर पावसाळ्यात तालमीचे निमित्त दिले. विद्यापीठाचे ललित कला केंद्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८७ साली आले. या माणसांची प्रतिभा कोणी नाकारणार नाही. पण त्या प्रतिभेला जागा होती, सोबती होते आणि संध्याकाळ मोकळी होती. कॉलेज शहराच्या मध्यावर होते आणि तालमीनंतर रात्री परतणे अवघड नव्हते. नाटक घडण्यासाठी या साध्या गोष्टी लागतात, आणि त्या ज्यांच्यापाशी असतात त्यांना त्यांची किंमत सहसा जाणवत नाही.

आता पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे पाहू. इथला वीस वर्षांचा मुलगा अनेकदा शिकतो आणि कमावतोही. तो लातूर, बीड, यवतमाळकडून आलेला असतो, खराबवाडीत किंवा मेदनकरवाडीत तीन-चार जणांबरोबर खोली करून राहतो, ठेकेदाराकडे नाव लावून पाळीत काम करतो आणि बाहेरून पदवीची परीक्षा देतो किंवा डिप्लोमा पूर्ण करतो. पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली तर दुपारी सुटका, दुसरी असली तर रात्री उशिरा. कॉलेजची तालीम मात्र रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी असते. पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि मोठी तालीम ठेवली जाते रविवारी. तळेगाव चौकातली कोंडी फोडून, भोसरीला बस बदलून पुण्यात पोचेपर्यंत अर्धी तालीम झालेली असते. मुलींना तर परतीच्या शेवटच्या बसचा विचार आधी करावा लागतो आणि नाटकाचा नंतर. यात कोणी कोणाला मुद्दाम बाहेर ठेवलेले नाही, पण बाहेर राहणारे ठरलेलेच असतात. पुढे तोच मुलगा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज भरायला बसला, तर तिथे पदवीबरोबरच नाट्यप्रयोगांत काम केल्याचा अनुभवही दाखवावा लागतो. कॉलेजच्या तालमीचे दार न उघडल्याची किंमत त्याला तिथे पुन्हा एकदा मोजावी लागते.

यावर पहिला आक्षेप नेहमी एकच असतो, की खरी प्रतिभा कुठूनही वर येते, आणि उदाहरण निळू फुल्यांचे दिले जाते. ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते, हे खरे आहे. आज पिंपळे गुरवचे नाट्यगृह त्यांच्या नावाने उभे आहे, याचाही अभिमान वाटावा. पण ते एकटे वर आले नाहीत. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यांच्या पाठीशी होते. तिथे आधी सिद्ध करून दाखवण्याची अट नव्हती. आलेल्या माणसाला काम मिळे आणि कामातून तो घडे. म्हणजे हे उदाहरण आक्षेपाच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने उभे राहते. याच पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढे नारायणगाव आहे, तमाशाच्या फडांचे गाव. फडातही मूल आधी टाळ धरते, सुरात सूर मिळवते, मागे उभे राहून वर्षानुवर्षे बघते आणि मग पुढे येते. फडाचे दारही सगळ्यांना सारखे उघडे नव्हते, तिथे घराणे आणि जात आडवी येतच असे. तरी शिकवण्याची ती रीत खरी आहे. आधी सोबत, मग निवड.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्पर्धेची तारीख ठरलेली असते, दिग्दर्शकापाशी महिना-दीड महिना असतो, नाटक बसवायचे असते. त्याने तयार नट घेतला तर चुकले काय? आणि अशी सूट देत गेलो तर दर्जाचे काय? दिग्दर्शकाची अडचण खरी आहे, पण ती एका एकांकिकेची अडचण आहे. त्या अडचणीवर संपूर्ण नाट्यमंडळाची घडी बसवू नये. शिवाय मी दर्जा खाली आणा असे म्हणत नाही, तो नीट मोजा असे म्हणतो. उतारा एकदा म्हणून घ्यावा, मग एक नेमकी सूचना द्यावी आणि तोच उतारा पुन्हा म्हणायला लावावा. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत जो फरक पडतो, तो शिकण्याची ताकद सांगतो. सफाईदार मुलाचा दुसरा प्रयत्न पुष्कळदा पहिल्याचीच नक्कल असतो. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’ म्हणायला काही आठवड्यांत शिकवता येते, पण ऐकून बदलण्याची तयारी शिकवायला वर्षे लागतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची अंतिम निवडही काही दिवसांच्या कार्यशाळेतून होते. काही मिनिटांवर विसंबू नये, हे तिथेही मानलेलेच आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो बहुधा मायेपोटी घेतला जातो. कारखान्यात राबणाऱ्या मुलाला नाटकाचा नाद कशाला लावायचा? पण नाटक फक्त नट होण्यासाठी नसते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा घेत आले आहे. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्यालाही स्वतःचे म्हणणे उभे करून दाखवायचे असते, या जाणिवेवरच त्या उभ्या आहेत. आणि ज्याला नटच व्हायचे आहे, त्याने पोटाचा हिशेब स्वतः करावा. तो हिशेब आम्ही त्याच्या वतीने करून दार लावून घेणे योग्य नाही.

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडला भरले, आणि अध्यक्ष होते जब्बार पटेल. विद्यार्थी रंगभूमीने घडवलेला दिग्दर्शक कारखान्यांच्या शहरात संमेलनाध्यक्ष म्हणून आला. त्या संमेलनाचे देणे फेडायचे तर फार पैसा लागणार नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या शाळेचा वर्ग गुरुवारी मिळावा. संघात एका भूमिकेला दोन माणसे तयार करावीत, म्हणजे पाळी बदलली तरी तालीम अडणार नाही. प्रकाश, संगीत, नेपथ्य करणाऱ्यांनाही दर तालमीत वाचायला उभे करावे. शेवटची बस सुटण्याआधी तालीम थांबवावी. आणि निवडीची यादी लावण्याआधी महिनाभर, येईल त्याला येऊ द्यावे.