पुलाखालचा पत्ता

७ जून
जेवताना भाऊजींशी कडाक्याचा वाद झाला. "वहिनी, फुटपाथवरच्यांना काम नको असतं. दारू प्यायची आणि पडून राहायचं." पिणारे आहेत. मनाचा तोल गेलेले आहेत, पोरांनी घराबाहेर काढलेले म्हातारेही आहेत. पण दादरच्या पुलाखाली राहणाऱ्या बायका फुलबाजारासाठी पहाटे उठतात. त्यांना आळशी म्हटलेलं मला सहन होत नाही.

९ जून
पुलाखाली गेले. एक पारधी बाई मोगऱ्याचे गजरे ओवत होती. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, की फास आवळला. नजर मात्र रस्त्याकडे धावणाऱ्या पोरावर. ताडपत्रीची वळकटी कठड्याला बांधलेली. पालिकेची गाडी आली की आधी कागदांची पिशवी उचलायची, भांडी मागाहून. "खोली का नाही घेत?" विचारलं. "डिपॉझिट कुठनं आणू, ताई? आन पारधी म्हटल्यावर खोली देतंय कोण?" इंग्रजांनी 1871पासूनच्या कायद्यांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधीही आले. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला. घरमालकांच्या मनातून अजून पुसायचाय.

निवारा केंद्राचं विचारलं, तर म्हणाली, "तिथं नवरा येगळा, मी येगळी. मोठा पोरगा कुनाकडं?"

१० जून
ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल पुन्हा वाचला. 1981 मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना मुंबईबाहेर पाठवायचं ठरलं, त्यावरून हा खटला. जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटी येते आणि ही माणसं कामाजवळ राहायचं म्हणून तिथे राहतात. तरीही झोपड्या काढायला मुभा दिली. फक्त त्या वर्षी 31 ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं. एवढं नेमकं कारण ओळखून शेवटी पावसाळ्यापुरती सवलत! वाचताना आजही संताप येतो.

१३ जून
भाऊजी पुन्हा आले. आज आकडे काढून ठेवले होते. 2011च्या जनगणनेत मुंबईत सत्तावन्न हजारांवर बेघर मोजले गेले. नियम असा की शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हवा. सव्वा कोटीच्या मुंबईत सगळे निवारे उभे राहिले, तरी साडेबारा हजारच माणसं मावतील. आणि त्याच जनगणनेत मुंबईतली सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी होती.

"मग ती घरं वाटून टाकायची?" भाऊजी.

वाटा असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला उपचार आणि कायमची खाट हवी. कमावत्या कुटुंबाला बाजाराजवळ, डिपॉझिटशिवाय, परवडेल अशा भाड्याची खोली हवी, नवरा-बायको-पोरं एकत्र राहतील अशी. सरकारला हे जमणार नाही, हे मला पटत नाही. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या, 1920च्या दशकात बीडीडी चाळी उठल्या, त्या कामगारांना भाड्याने द्यायलाच. भाऊजींचे आजोबा नायगावच्या बीडीडीतच राहायचे. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पण तेव्हा जमिनीला एवढा भाव नव्हता." हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच पालिकेच्या मालकीची जमीन आधी यासाठी राखायला हवी. वॉर्ड ऑफिसात द्यायच्या अर्जात पहिली मागणी हीच लिहिली आहे. खाली भाऊजींनीही सही केली.