बांधावरची कळलावी आणि मेंदूतले रूळ

नोकरी जळगावात, शेत धुळ्यापलीकडे साक्रीला. तिथल्या कुंपणावर श्रावणात कळलावी पेटते. पेटतेच म्हणायला हवं, अशा त्या लाल-पिवळ्या पाकळ्या! लहानपणी जवळ गेलो की आजी ओरडायची, "हात नको लावू, हाई जहर शे!" चाळीस वर्षं मी तिच्यापासून दोन हात लांब.

आणि परवा राखीला बहीण आली, सोबत भाची. पुण्यात पीएच.डी. करते, चेतापेशींच्या सांगाड्यावर. मी शेवभाजीत घास बुडवत म्हटलं, "पेशीला कसला आलाय सांगाडा?"

"मामा, तुमच्या कळलावीतलं विष माहितीय ना, कोल्चिसिन? त्या सांगाड्याची वीट त्यानेच तर हुडकून दिली!"

घास हातातच राहिला. कोल्चिसिनने पेशींचं विभाजन थांबतं, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. ते चिकटतं कशाला, याचा माग १९६७ मध्ये बोरिसी आणि टेलर यांनी काढला. ते प्रथिन सगळ्यात भरपूर कुठे निघालं? मेंदूत! जिथल्या चेतापेशी मोठेपणी विभागतसुद्धा नाहीत, तिथे!

कशाला हवं ते मेंदूला? रुळांसाठी. हे प्रथिन म्हणजे ट्युब्युलिन. त्याच्या विटा रचून पंचवीस नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या होतात. कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतातंतू मीटरभर लांब, आणि बराचसा माल तयार होतो वरच्या टोकाला. तो या नळ्यांवरून चालत जातो! कायनेसिन नावाचा हमाल आठ-आठ नॅनोमीटरची पावलं टाकत ओझं ओढतो. मी तिथेच वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला: अंगठ्यापर्यंत साडेबारा कोटी पावलं! (वाटेत हमाल बदलतात म्हणे. बदलणारच.) दिवसाला चारशे मिलिमीटरचा वेग धरला तरी अडीच दिवस. भुसावळ जंक्शन बघत वाढलेला मी, पण असला रूळ पाहिला नव्हता, कारण हा एका टोकाला वाढत असतो आणि मध्येच भसकन उखडतो. पुन्हा वाढतो! कोल्चिसिन विटेलाच चिकटतं, मग पुढचा रूळ पडत नाही, माल अडकतो. आजीचं जहर ते हेच.

मग तिने मोबाइलवर वाढत्या चेतापेशीचं टोक दाखवलं. नखाएवढाही नाही असा पंजा, बारीक बोटं पुढे काढतोय, चाचपतोय, मागे घेतोय. पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या भ्रूणातल्या अशाच टोकांवर काम केलंय. फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केलं की पंजाची पकड ढिली पडते. ती बोटं ॲक्टिनच्या धाग्यांची असतात. मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. बहीण म्हणाली, "दादा, जेव आधी."

रविवारी मुद्दाम साक्रीला गेलो. कळलावीच्या पानाचा शेंडा तणाव्यासारखा वळतो, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. एक शेंडा काटेरी तारेला दीड वेढा घालून बसलेला, शेजारचा अजून हवेतच चाचपडत होता. मी तोंड अगदी जवळ नेलं. हात मात्र पाठीमागेच.