इटली कॅन्सल, मुक्काम पोस्ट यवतमाळ

शेवटी इटली राहिलीच.

दोन वर्षं आम्ही तिचे मनोरे रचत होतो. टस्कनीतलं एखादं शेतघर आठवडाभर भाड्यानं घ्यायचं, दारात छोटीशी गाडी, रोज सकाळी नाश्ता झाला की निघायचं. आज सिएना, उद्या सान जिमिन्यानो, परवा ओर्विएतो. रात्री परत त्याच पलंगावर. रोज बॅगा भरा, रोज हॉटेल बदला ही कटकटच नाही. महिना ऑक्टोबर, कारण गर्दी ओसरलेली असते आणि ऑलिव्हची काढणी सुरू होते. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, तिथल्या जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, म्हणून पार्किंग वेशीबाहेर करायचं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. नवरोबांनी तर एक्सेल शीट केली होती. रंगीत!

मग शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली ती थेट नोव्हेंबरच्या मध्यावरची. रजा मात्र मंजूर होऊन बसली होती. एकदा मंजूर झालेली रजा आपणहून परत करणं हा आमच्या ऑफिसात वेडेपणा समजला जातो.

"बेसच हवाय ना आपल्याला?" मी एका रात्री म्हटलं. "मामाकडे जाऊ. खेड्यातलं घर, दारात गाडी, रोज एक ट्रिप. शीट तीच ठेव, फक्त गावांची नावं बदल."

नवरा दादरचा. विदर्भ म्हणजे त्याच्या लेखी नागपूरची संत्री आणि उरलेला नकाशा. पण त्यालाही रजा वाया घालवायची नव्हती.

ऑफिसात सांगितलं तेव्हा शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, "यवतमाळ? फिरायला?" आणि मग एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. कापूस, कर्ज, आत्महत्या. टीव्हीवर या जिल्ह्याचं नाव येतं ते याच शब्दांच्या सोबतीनं, आणि ते खोटं नाही. म्हणूनच मलाही आतून थोडं चोरट्यासारखं वाटत होतं. जिथं माणसं पिकाच्या भावाकडे डोळे लावून बसलीत, तिथं आपण गॉगल लावून 'डे ट्रिप' करायची?

तरी गेलो. कोजागिरी आणि दिवाळीच्या मधले सहा दिवस.

पुण्याहून नागपूरपर्यंत विमान, तिथून सेल्फ ड्राइव्हची गाडी. इथं एक हिशेब आधी करा. भाड्याच्या गाडीला रोजची किलोमीटरची मर्यादा असते आणि विदर्भात अंतरं पुण्या-मुंबईच्या मापानं मोजून चालत नाही. नकाशावर बोटभर दिसतं ते निघतं सत्तर किलोमीटर. दुसरं म्हणजे वाटेवरची ठिकाणं वाटेवरच उरकावीत. आम्ही पहिल्याच दिवशी वर्ध्याजवळचं सेवाग्राम पाहिलं. गांधीजी 1936 साली इथं राहायला आले. आदि निवास, बापू कुटी, मातीच्या गार भिंती. नवरा तिथं अर्धा तास काही न बोलता बसला, हा आमच्या लग्नातला एक विक्रम आहे.

पुढे यवतमाळच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर कळंब लागतं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथल्या कुंडात बारा वर्षांनी गंगा येते, अशी श्रद्धा. या गावात आता वर्ध्याहून ब्रॉडगेज रेल्वेही येते, फेब्रुवारी 2024 पासून. हाच मार्ग पुढे यवतमाळवरून नांदेडला जायचा आहे.

मामाचं गाव यवतमाळ-आर्णी रस्त्याला, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. कौलारू घर, मागं गोठा, समोर लिंबाचं झाड. सोळा एकर वावर, सगळं कोरडवाहू. अर्ध्यात कापूस, अर्ध्यात सोयाबीन, कडेनं तुरीच्या ओळी. मामीनं वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. नवऱ्यानं लॅपटॉप उघडून मामाला शीट दाखवली. मामानं चष्मा लावून ती नीट वाचली.

"छान हाय जवाईबापू," तो म्हणाला. "पण सकाळी सातले गाडी कुठी चालली?"

"टिपेश्वरचा रस्ता बघून यायचा, मग..."

"मंग जाता जाता एक काम करान का? पलीकडच्या गावच्या बाया आणा लागते वेचणीले. ऑटोवाला येऊन नाई राहिला."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भाड्याच्या पांढऱ्या हॅचबॅकनं दोन खेपा केल्या. एका खेपेला पाच बाया, त्यांचे डबे, पाण्याच्या बाटल्या. नवरा गाडी चालवत होता आणि मागून त्याची चौकशी सुरू होती. पगार किती, पोरं किती, नाही तर काहून नाही. दुसरी खेप संपली तेव्हा साडेनऊ झाले होते. मग सीतादही. वेचणी सुरू करण्याआधी वावरात करायची छोटीशी पूजा. मामीनं झाडापाशी दहीभात ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, आणि पहिली बोंडं तिनंच वेचली. फोटो काढू का, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. ते मामीनंच सांगितलं, "काढ न व. मले पाठवजो."

इटलीत ऑलिव्हची काढणी बघायला लोक पैसे मोजून जातात, हे मी नवऱ्याला आठवण करून दिलं. तो म्हणाला, "हो, पण तिथं आपण मजूर आणायला गेलो नसतो." मग थोडं थांबून म्हणाला, "बरं झालं इथं आलो."

मला वाटतं, अशा ट्रिपच्या नियोजनात सगळे जण हीच चूक करतात. ठिकाणांची यादी करतात, बेसची करत नाहीत. हॉटेलला आपलं वेळापत्रक असतं ते आपल्यासाठी. घराला स्वतःचं असतं, आणि शरदात तर ते सगळ्यात गच्च भरलेलं असतं. सोयाबीनची मळणी, कापसाची पहिली वेचणी, दिवाळीचं सारवण. पाच दिवसांत पाच ट्रिपा काढून तुम्ही ज्यांच्याकडे उतरलात, त्यांच्याशी बोलणार कधी? आमच्या शीटमधल्या दोन ट्रिपा त्या दिवशीच गेल्या. नंतर त्यांची आठवणही झाली नाही.

उरलेल्या दुपारी यवतमाळला गेलो, 'शकुंतला'चं स्टेशन बघायला. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटरची ही नॅरोगेज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीनं कापूस वाहण्यासाठी टाकलेली. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिनं 1994 पर्यंत ओढलं. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. आई या गाडीतून माहेरी यायची आणि सांगायची की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता येतं. गाडी आता धावत नाही. रुळांजवळ गवत कमरेएवढं होतं.

टिपेश्वरची सफारी आम्ही आधीच ऑनलाइन बुक केली होती. तेवढी एक गोष्ट तुम्हीही आधी कराच, आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. पहाटे चारला निघालो. पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद हायवे लागतो, तिथून सुन्ना गेट जवळ. अभयारण्य तसं लहान, दीडशे चौरस किलोमीटरच्या आतलं. सागवान, उंच पिवळं गवत, पहाटेचं धुकं. वाघ दिसला नाही. चितळ दिसले, रोही दिसले, आणि ओल्या मातीत ताजे ठसे. जिप्सीत गाइडनं त्या प्रसिद्ध वाघाची गोष्ट सांगितली. 2019 साली इथून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला तरुण नर. तेलंगणात शिरला, पैनगंगेच्या जंगलातून फिरला, वावरं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. सगळी चाल मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर.

"शीट न करता," मी नवऱ्याच्या कानात म्हटलं.

घरी येऊन मामीला सांगितलं तर तिला वाघाचं काही कौतुक नव्हतं. राळेगावकडे तिची बहीण दिली आहे. अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला मारली गेली, त्याआधीचे महिने तिथल्या बाया एकट्यानं वावरात पाय टाकत नव्हत्या. तेरा माणसं गेल्याचं सांगतात. "तुमाले दिसला नाई तर बरंच हाय," मामी म्हणाली आणि पुढ्यात तर्री-पोह्यांची ताटली ठेवली.

चौथा दिवस आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला. संध्याकाळी अंगणात बसलो होतो. घरातल्या एका खोलीत छतापर्यंत कापूस रचला होता आणि त्याचा तो उबदार, जरा धुळकट वास बाहेरपर्यंत येत होता. मामा म्हणाला, "यंदा शेवटचं. पाडव्यापासून वावर मक्त्यानं देऊन टाकतो."

मला आधी कळलंच नाही.

"गुडघे नाई राहिले. बाया भेटत नाई, भाव भेटत नाई. पोरगा म्हणते नागपूरले या, फ्लॅट हाय. तुह्या मामीलेबी डॉक्टर जवळ पडते." तो हे अगदी पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगत होता. "घराले कुलूप लावून ठेवू. तुम्ही याल तवा किल्ली शेजारी राहीन."

कुलूप लावलेलं घर म्हणजे बेस नव्हे, हे कुणी बोललं नाही. माझ्या डोक्यात आईची बोरं, मघाचा दहीभात, असं काहीबाही फिरत राहिलं. मामी आतून दूध घेऊन आली तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामी, उद्याचा दिवस तुझा. कुठं जायचं सांग. माहूर?"

"माहूर तं दरसाली जातो यष्टीनं," ती म्हणाली. मग मामाकडे न बघता, "सहस्रकुंड नाई पायलं मी. लग्न झालं तईपासून आयकून राहिली."

आमच्या शीटमध्ये सहस्रकुंडावर लाल रंग होता. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर. एका बाजूला दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, हा आमचा इटलीसाठी केलेला नियम. आणि सूर्य मावळायच्या आत घरी, हा इथं येऊन केलेला. तो तर फारच शहाणपणाचा. ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या आतच अंधारतं, बिनदिव्याच्या बंड्या रस्त्यात असतात, कुठं अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि रोही तर हेडलाइट दिसताच नेमके गाडीच्या दिशेनं उडी मारतात.

नवऱ्यानं लॅपटॉप मिटला. "पाचला निघू," तो म्हणाला. मामा आला नाही. वेचणी सुरू होती.

मामी पुढच्या सीटवर बसली, नवं लुगडं, मांडीवर भाकरीचा डबा. धनोड्याला पैनगंगा ओलांडली की माहूर. रेणुकेचं दर्शन झालं, तांबूल घेतला. नवरात्र उलटून गेल्यामुळे गर्दी नव्हती. पायऱ्या चढताना मामी तीनदा बसली आणि तिन्ही वेळा म्हणाली की ती आमच्यासाठी थांबलीये. पुढे किनवटपर्यंत सागाचं जंगल, वाटेत टोपल्यांतून सीताफळं. दर अर्ध्या तासानं तिचा घरी फोन. दूध तापवलं का, बायांना चहा दिला का, कोंबड्या झाकल्या का.

सहस्रकुंडाला बारा वाजले. पैनगंगाच ती, सकाळी पुलाखालून संथ वाहताना पाहिलेली. इथं काळ्या खडकावर ती फुटते, कितीतरी धारा होऊन खाली पडते. पावसाळ्यातला रौद्रपणा ओसरला होता, पण पाणी चांगलं होतं. आवाजानं बोलणं ऐकू येत नव्हतं. मामी एका दगडावर बसली. चप्पल काढून बाजूला नीट जोडून ठेवली. मला वाटलं, हात जोडेल. ती नुसती बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "एवढं पाणी जाऊन राहिलं न व. अन् आपल्या वावरात एका पाण्यासाठी तूर जाते."

त्यानंतर तिनं डबा उघडला. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. आम्ही तिघं न बोलता जेवलो. निघताना तिनं दोन्ही हातांनी मला दंडाला धरून उठायला मदत मागितली, आणि परत एकदा मागं वळून पाहिलं.

परतताना अर्थातच अंधार झाला. आर्णी सोडली तेव्हा सात वाजून गेले होते. नवरा तीसच्या वर स्पीड नेत नव्हता. एकदा एक बंडी अगदी पुढ्यात आली, एकदा रानडुकरांची रांग. मामी झोपली होती, पदर तोंडावर घेऊन.

फाट्याला वळलो तर रस्त्याच्या कडेला बॅटरी हलताना दिसली. मामा उभा होता. दोन किलोमीटर चालत आला होता, ते गुडघे घेऊन. गाडीत मागं बसला, दार लावलं.

"पाणी होतं का?" त्यानं विचारलं.

"होतं," मामी म्हणाली. "दूध तापवलं?"