तळेगाव दाभाडे : तालुका एक, पोलीस दोन

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी मागे टाकते आणि तळेगाव येते. स्टेशनची वस्ती एकीकडे, जुने गाव दुसरीकडे. गावात शिरले की ज्याच्यावरून नाव पडले ते तळे दिसते. ‘दाभाडे’ हे सरसेनापतींचे घराणे. शाहू महाराजांनी १७१७ साली खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिले. त्यांची समाधी बनेश्वराच्या देवळापाशी आहे. १७३१ साली त्यांचे पुत्र त्रिंबकराव डभोईच्या लढाईत पडले, तेव्हा मातोश्री उमाबाईंनी घराण्याची धुरा सांभाळली.

आजचे तळेगाव अर्धे शहर, अर्धे शिवार आहे. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेची वस्ती छप्पन्न हजारांवर होती. चार पावलांवर वडगाव. तिथल्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा वाण दिला आणि मावळातल्या खाचरांचा नूर पालटला. नवलाख उंबऱ्याकडे जावे तर एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला हरितगृहातले गुलाब, आणि त्यांच्या मधोमध गुडघाभर चिखलात भाताची लावणी.

अशा या मुलखात १५ ऑगस्ट २०१८ रोजी एक मोठा बदल झाला. पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. पुणे शहराच्या काही ठाण्यांबरोबर पुणे ग्रामीण पोलिसांकडची देहूरोड, तळेगाव दाभाडे, तळेगाव एमआयडीसी, चाकण आणि आळंदी ही ठाणी त्यात गेली. वडगाव, कामशेत, लोणावळा मात्र ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे राहिले. तालुका एक, तहसीलदार एक, पण पोलीस दोन!

पोलीस एकत्र आले, गावकारभार मात्र जिथल्या तिथे राहिला. तळेगावची नगरपरिषद वेगळी, वडगावची २०१८ पासूनची नगरपंचायत वेगळी आणि भोवतालच्या ग्रामपंचायती वेगळ्या. डेन्मार्क देशात १ जानेवारी २००७ रोजी २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या, आणि त्याच दिवशी ५४ पोलीस जिल्ह्यांचे १२ केले. तिथे दोन्ही कामे बरोबर झाली. आपल्याकडे एक झाले, दुसरे राहिले.

एका शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, बांधाचे भांडण झाले तर आता जायचे कुठे? वडगावला की चिंचवडला?” मी म्हटले, “मामा, भांडण कशाचे आहे ते आधी बघा.” वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्टाचा अर्ज पूर्वीप्रमाणेच वडगावला तहसीलदारांकडे द्यायचा. मोजणी भूमी अभिलेखाकडे. त्यात पोलिसांची हद्द आडवी येत नाही. मारामारी, चोरी झाली तर आपले पोलीस ठाणे. बदल झाला तो शांतता राखण्याच्या जामिनात. ही चॅप्टर केस पूर्वी तहसीलदारांपुढे चाले, आयुक्तालयाच्या हद्दीत ती सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालते. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांऐवजी आयुक्तांकडे मागावा लागतो. पीक राखायला बंदूक बाळगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. तातडीच्या वेळी ११२ क्रमांक फिरवावा.

आता मुख्य प्रश्न. पोलीस एक झाले तशा ग्रामपंचायतीही मोठ्या शहरात घालाव्यात का? शेजारचे उदाहरण पाहा. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून एक नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. पाणी, गटारे, अग्निशमन अशी खर्चाची कामे एकेकट्या गावाला झेपणारी नव्हती, ती उभी राहिली. ही जमेची बाजू आहे. दुसरीकडे २०१७ साली पुणे महापालिकेत गेलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीतल्या लोकांना कर जड झाला, सोयी पुरेशा मिळेनात. शेवटी ही गावे बाहेर काढून २०२४ साली त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली.

शेतकऱ्याचा तोटा आणखी एका ठिकाणी होतो. गाव शहरात गेले की ग्रामसभा संपते. वर्षातून किमान चार वेळा सरपंचाला उभे करून हिशेब विचारण्याचा हक्क जातो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या शेतीयोजना त्या हद्दीत लागू राहत नाहीत, विस्तार अधिकाऱ्याची फेरीही थांबते. पाण्याचा धाकही आहेच. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी प्राणाला मुकले. मोठ्या शेजाऱ्याची तहान किती महाग पडू शकते, हे मावळ विसरलेला नाही.

म्हणून माझे मत असे, की जे काम एकट्या गावाला झेपत नाही ते एकत्र करावे, जे झेपते ते गावातच ठेवावे. कचरा, पाणीयोजना, आगीचा बंब यांसाठी दोन-चार ग्रामपंचायतींनी संयुक्त समिती करावी. ग्रामपंचायत कायद्यात तशी सोय आहे. सामाईक विहिरीवर पाळ्या ठरवून पाणी घेतोच ना आपण? विहीर सामाईक असली म्हणून कोणी सातबारा एक करत नाही.

हद्दवाढीचा प्रस्ताव आला की प्राथमिक अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी मुदत दिलेली असते. ती चावडीवर वाचून घ्या. ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा : घरपट्टी किती वाढेल, पाणी कधी मिळेल आणि शेतजमिनीवर कोणते आरक्षण पडेल? उत्तरे लेखी मागा आणि हरकतही लेखी द्या. मुदत टळल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा मुदतीत दिलेला एक कागद अधिक कामाचा ठरतो.