उजनी 'मायनस'मध्ये गेलंय म्हणजे काय रे भाऊ?

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो, 'रविवारी भिगवण?' पहाटे पाचला हडपसर सोडायचं, सोलापूर हायवेला लागायचं, शंभरेक किलोमीटरवर उजनीचं बॅकवॉटर. बोटीतून फ्लेमिंगो बघायचे, दुपारी चिलापी फ्राय हाणायची आणि अंधार पडायच्या आत घरी. प्लॅन एकदम फिट! तेवढ्यात कुणीतरी बातमी टाकतं, 'उजनी उणे वीस टक्के'. झालं! धरणात पाणीच नाही तर बोट चालणार कुठे? आणि मुळात पाणी 'उणे' असतं तरी कसं?

उत्तर सोपं आहे, फक्त ते बँकेच्या भाषेत समजून घ्यायचं.

सॅलरी अकाउंट आणि एफडी

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. काठोकाठ भरलं की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. पण हे सगळं पाणी खर्चायचं नसतं. त्यातलं ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा, म्हणजे तुमचं सॅलरी अकाउंट. शेती, कारखाने, शहरं यांनी यातूनच भागवायचं. उरलेलं ६३.६६ टीएमसी म्हणजे मृतसाठा. ही एफडी. शक्यतो हात लावायचा नाही.

बातमीतले टक्के मोजले जातात ते फक्त सॅलरी अकाउंटचे. ते संपलं की शून्य टक्के. पण सोलापूरला प्यायला पाणी लागतंच, ऊन पाणी पितंच, त्यामुळे पातळी खाली जातच राहते. एफडी मोडायला सुरुवात झाली की आकड्यामागे 'उणे' लागतं.

आता गंमत बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याला पाणी देणारी चारही धरणं फुल्ल भरली, तरी त्यांचा उपयुक्त साठा होतो २९ टीएमसीच्या आसपास. म्हणजे 'शून्य टक्के' उजनीत पुण्याच्या चार भरलेल्या धरणांच्या दुपटीहून जास्त पाणी असतं! शून्य वाचून प्लॅन कॅन्सल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि हो, उजनी कधीकधी १०० च्या वरही जातं. कारण पूर्ण पातळीच्या वर आणखी थोडं पाणी तिथे अडवता येतं. १०५ टक्के वाचून 'प्रिंटिंग मिस्टेक' म्हणू नका.

परातीतलं पाणी

कोयनेसारखं धरण डोंगरांच्या खोल दरीत असतं. उजनी सपाट माळावर पसरलंय. एक तांब्या, तर दुसरी परात. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि शून्य टक्क्याची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे शंभरपासून शून्यापर्यंतचा सगळा खेळ सहा मीटरच्या आतला, जेमतेम दोन मजल्यांचा! परातीतलं पाणी बोटभर उतरलं तरी कडेचा केवढा भाग उघडा पडतो, तसंच इथेही होतं. म्हणूनच गेल्या ट्रिपला जिथे बोटीत बसलात, तिथे या वेळी गुरं चरताना दिसतात.

पक्ष्यांचं गणितही यावरच चालतं. फ्लेमिंगोला, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्याला, उथळ पाणी आणि चिखल लागतो. चोच उलटी बुडवून तो त्यातलं खाणं गाळून घेतो. खोल पाण्यात त्याचं काय काम? हिवाळ्यात पाणी उतरत जातं, उथळ पट्टे तयार होतात आणि डिसेंबर ते मार्च कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला थवे दिसायला लागतात. सोबत पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाकही असतात. पाणी जास्त दिवस चढलेलं राहिलं, तर पाहुणे उशिरा येतात.

पाणी आणखी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर वर येतं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं पळसदेव वर हायवेलगत वसलं. २०२४ च्या उन्हाळ्यात हे मंदिर उघडं पडलं आणि फोटोंचा पूर आला. फोटो जरूर काढा. पण २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नव्हतं आणि जून २०२४ पर्यंत साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोचला होता, म्हणून ते मंदिर दिसलं, हेही माहीत असू द्या. त्या वर्षी काठावरच्या शेतकऱ्याचा पंप पाण्यापासून लांब पडला. पाणी मागे सरकलं की त्याला पाइप आणि केबल वाढवत त्याच्या मागे जावं लागतं.

पाऊस पुण्यात, पूर उजनीत

उजनी सोलापूर जिल्ह्यात, पण ते भरतं मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसावर. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, घोडही भीमेलाच. वरची धरणं भरून दरवाजे उघडले की ते पाणी दौंडवरून उजनीत पोचतं. म्हणून तिकडच्या लोकांची नजर 'दौंडचा विसर्ग किती' याच्यावर असते. एक लाख क्युसेकचा विसर्ग अख्खा दिवस चालला, तर साडेआठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी येतं. २०२४ मध्ये जूनला तळ गाठलेलं धरण ऑगस्टमध्ये भरलं, ते असंच.

या पाण्यातून आणखीही काही जातं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी याच नद्यांमधून खाली येतं. आपण फ्लश करून विसरतो, ते उजनीपर्यंत पोचतं. साठा जितका कमी, तितकी ती घाण दाट. आणि हेच पाणी पुढे सोलापूरकरांच्या नळाला जातं!

उणे म्हणजे उथळ नव्हे

हा भाग गंमतीचा नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दिवशी धरण उणे पन्नासच्याही खाली होतं. म्हणजे बातमीत 'तळ गाठला' असं लिहिलं, तरी माणूस बुडायला पाणी पुरेसं असतं. मोकळ्या विस्तारावर वारा सुटला की लाटा बघताबघता उठतात.

निघण्याआधी

टक्केवारी बघा, पण आधीच्या आठवड्याशी ताडून. पाणी चढतंय की उतरतंय, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. बोटवाल्याला आदल्या दिवशी फोन करून आज बोट कुठून सुटते ते विचारा. काठ सरकतो, गूगल मॅप सरकत नाही!

लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की दुपारनंतर पाण्यात जाऊच नका. उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो. गाडी तर अजिबात घालू नका.

आणि पुढच्या वेळी पुण्यात पाऊस कोसळत असताना ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर दौंडचा विसर्ग बघा. तेच पाणी चाललंय भिगवणला, तुमच्या आधी.